रिकाम्या आसनावरचे पट्टे : विमानांच्या मॉडेलमधल्या सीट बेल्टची पार्श्वभूमी

१:४८ प्रमाणातल्या, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढ्या, स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या मॉडेलच्या कॉकपिटमध्ये आज एखादा जाणकार डोकावला, की त्याची नजर सगळ्यात आधी आसनावर जाते. पट्टे आहेत का, ते कापडाचे वाटतात का, आणि त्या विमानात खरोखर होते तसेच आहेत का? एके काळी हे प्रश्न कुणाला पडत नसत, कारण किटमध्ये, म्हणजे घरी जोडायच्या सुट्या भागांच्या संचात, आसनावर वैमानिक बसलेला असे. तो उतरला आणि रिकामं आसन उघडं पडलं. पट्टे बनवण्याची कला त्या रिकामेपणातून जन्माला आली, असं माझं मत आहे.

विमानांच्या प्लॅस्टिक किटची सुरुवात ब्रिटनमध्ये १९३६ साली फ्रॉग कंपनीच्या ‘पेंग्विन’ मालिकेने झाली. मापाचं प्रमाण होतं १:७२. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या शाळकरी मुलांनी नौदलासाठी लाकडाची हजारो विमानं याच प्रमाणात कोरली. ती काळ्या रंगाने रंगवलेली असत. शत्रूचं विमान कोणतं आणि आपलं कोणतं, हे नुसत्या आकारावरून ओळखण्याचा सराव त्यांच्यावर चाले. अशा मॉडेलला कॉकपिटच नसे, मग पट्टे कुठले? एअरफिक्स या ब्रिटिश किट कंपनीचं पहिलं स्पिटफायर १९५३ साली दुकानांत आलं. त्या काळातल्या स्वस्त किटमध्ये कॉकपिट म्हणजे दोन खुंट्यांवर टेकवलेला बुटका वैमानिक, कधी कधी तर फक्त त्याचं डोकं आणि खांदे. वरची काच इतकी जाड असे, की आत काय आहे याची फारशी चिंता करावी लागत नसे.

ही परिस्थिती बदलली ती मॉडेल करणाऱ्यांमुळे. १९६३ मध्ये ब्रिटनमध्ये इंटरनॅशनल प्लॅस्टिक मॉडेलर्स सोसायटी स्थापन झाली, तिच्या शाखा इतर देशांत पसरल्या, स्पर्धा भरू लागल्या. १९७० साली एअरफिक्सने १:२४ प्रमाणातलं स्पिटफायर काढलं. एवढ्या मोठ्या मॉडेलमध्ये कॉकपिट लपवता येत नाही. प्लॅस्टिकचा वैमानिक खऱ्या माणसासारखा रंगवणं फार थोड्यांना जमतं, म्हणून बहुतेकांनी त्याला बाजूला ठेवलं. पण पट्ट्यांशिवायचं आसन म्हणजे कारखान्यातून अर्धवट आलेली वस्तू वाटते. कंपन्यांनी आसनावर उंचवट्याने कोरलेले पट्टे द्यायला सुरुवात केली किंवा पाण्याने चिकटवायच्या डिकॅलवर, म्हणजे पातळ छापील चित्रांवर, ते छापून दिले. दोन्हींत एकच उणीव होती : पट्टा आसनाला चिकटलेला दिसतो, त्यावर पडलेला दिसत नाही.

मग हौशी मंडळींनी घरातल्या वस्तू शोधल्या. मास्किंग टेपच्या पट्ट्या, सिगारेटचा पातळ कागद, बारीक तारेला चौकोनी घडी देऊन केलेलं बकल. या सगळ्यांत मानाचं स्थान होतं शिशाच्या पत्र्याला. वाइनच्या बाटलीच्या तोंडावर शिशाचं वेष्टण असे. ते सपाट करून कापलं की मऊ, जड, जिथे वाकवाल तिथे राहणारा पट्टा तयार. शिशाच्या विषारीपणामुळे नव्वदच्या दशकात युरोप-अमेरिकेत ही वेष्टणं बंद झाली आणि हा फुकटचा कच्चा माल संपला. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने हे योग्यच झालं. तरी मऊपणाच्या बाबतीत शिशाची सर दुसऱ्या कुठल्याही धातूला आली नाही, हेही खरं.

दरम्यान फोटो-एच हे धातू कोरण्याचं तंत्र आलं होतं. पितळेच्या पातळ पत्र्यावर प्रकाशसंवेदी थर द्यायचा, नकाशा फिल्ममधून त्यावर उमटवायचा आणि नको असलेला भाग रसायनाने खाऊन टाकायचा. हे तंत्र इलेक्ट्रॉनिक्सच्या सर्किट बोर्डांतून आलेलं. ऐंशीच्या दशकात ब्रिटनचं रीहीट आणि अमेरिकेतलं वॉल्ड्रन या कंपन्यांची बकलं मॉडेलवाल्यांत प्रसिद्ध होती. बकलसाठी हे तंत्र अगदी चपखल, कारण खरं बकलही धातूचंच असतं. पट्ट्याचं गणित मात्र वेगळं आहे. खऱ्या पट्ट्याची विणलेली पट्टी दोन-अडीच मिलिमीटर जाड आणि साधारण पन्नास मिलिमीटर रुंद धरू. १:४८ प्रमाणात रुंदी जेमतेम एक मिलिमीटर होते, आणि जाडी ०.०५ मिलिमीटर. पितळेचा पत्रा ०.१ मिलिमीटरचा असला, तरी तो खऱ्या मापात जवळपास पाच मिलिमीटर जाड पट्टा दाखवतो. शिवाय पितळ वाकवलं की कडक कोन घेतं. कापड तसं घडी घेत नाही. मेणबत्तीच्या ज्योतीवर तापवून ते मऊ करण्याची युक्ती त्यामुळेच रूढ झाली.

या धंद्याचं केंद्र पुढे झेक देशात सरकलं. १९८९ साली, साम्यवादी राजवट कोसळली त्याच वर्षी, मोस्त शहरात एडुआर्ड ही कंपनी सुरू झाली. तिने फोटो-एच सर्वसामान्य हौशी माणसाच्या खिशाला परवडेल असं केलं, आणि नंतर शिवणीच्या रेघांसकट रंग छापलेले पट्टे बाजारात आणले. रंग आधीच दिल्यामुळे मेणबत्तीची युक्ती बाद झाली, कारण ज्योतीवर रंगच जळतो, आणि वाकवताना तो तडकण्याचीही भीती. म्हणून पितळेऐवजी आणखी पातळ पोलादावर छापलेले पट्टे आले. झेक देशातल्याच एचजीडब्ल्यू कंपनीने वेगळी वाट घेतली : लेझरने कापलेलं कापडासारखं पातळ साहित्य आणि त्यात ओवायची धातूची इवलीशी बकलं. एक संच ओवायला अख्खी संध्याकाळ जाते, चिमटा आणि भिंग लागतं. पण पट्टा चुरगाळून, थोडा ओला करून आसनावर सोडला की तो जसा पडतो, ते दुसऱ्या कुठल्याही साहित्याला जमलेलं नाही. माझी पसंती आजही त्यालाच आहे. गेल्या काही वर्षांत रशियातल्या क्विंटा स्टुडिओने उठाव असलेले त्रिमितीय डिकॅल लोकप्रिय केले. त्यांत पट्टेही येतात, आणि वेळ नसलेल्यांची मोठीच सोय झाली.

साहित्य सुधारलं तसा खरा कठीण प्रश्न पुढे आला : कोणत्या विमानात कोणते पट्टे? इथे प्रत्यक्ष विमानांच्या इतिहासात शिरावंच लागतं.

१९१० साली अमेरिकी सैन्यातले बेंजामिन फुलॉइस टेक्सासमध्ये राइट बंधूंचं विमान चालवायला शिकत होते. आसनावरून फेकले जाऊ नये म्हणून त्यांनी घोडदळाच्या खोगीर बनवणाऱ्याकडून चामड्याचा पट्टा करून घेतला. ही काळजी त्या वेळी सगळेच घेत नव्हते. १ जुलै १९१२ रोजी बॉस्टनजवळ हॅरिएट क्विम्बी आणि त्यांचे प्रवासी उडत्या विमानातून बाहेर फेकले जाऊन मरण पावले. दोघांनीही पट्टे बांधलेले नव्हते. पट्टा वाचवतो तसा इजाही करू शकतो, हे १९१७ मध्ये ह्यू डीहेवन यांनी स्वतःच्या शरीरावर अनुभवलं. प्रशिक्षणात दोन विमानांची टक्कर झाली, आणि पोटातली गंभीर इजा बकलने केल्याचं त्यांच्या लक्षात आलं. अपघातात माणूस कशाने जखमी होतो, याच्या अभ्यासाला त्यांनी पुढचं आयुष्य दिलं.

ब्रिटिश विमानांत सटन हार्नेस, म्हणजे पट्ट्यांचा जोडसंच, रुजला. पहिल्या महायुद्धातले वैमानिक ऑलिव्हर सटन यांच्या नावाचा. दोन खांद्यांचे आणि दोन कमरेचे असे चार पट्टे, त्यांवर पितळी छिद्रांच्या रांगा. एक जाड खिळा चारही पट्ट्यांच्या छिद्रांतून घालायचा आणि क्लिपने अडकवायचा. क्लिप ओढली की चारही सुटतात. १९४४ मध्ये इंफाळच्या लढाईत अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली भारतीय हवाई दलाच्या १ नंबर स्क्वाड्रनची हरिकेन लढाऊ विमानं उडाली. त्या विमानाचं मॉडेल करणाऱ्याने या छिद्रांकडे दुर्लक्ष करू नये. स्पिटफायरमध्ये तर खांद्याचे पट्टे आसनाच्या पाठीवर संपत नाहीत, ते मागे जाऊन विमानाच्या सांगाड्यात बांधलेल्या तारेला जोडलेले असतात. ते पाठीच्या वरच्या कडेला चिकटवून संपवण्याची चूक असंख्य मॉडेलमध्ये दिसते. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या बऱ्याच अमेरिकी लढाऊ विमानांत याउलट फक्त कमरपट्टा होता. आदळताना वैमानिकाचा चेहरा पुढच्या गनसाइटवर (नेम धरण्याच्या उपकरणावर) आपटे, म्हणून खांद्याचे पट्टे नंतर आले. १९४१ च्या पी-४० मध्ये हौसेने खांद्याचे पट्टे लावणं म्हणजे इतिहास बदलणंच.

जेट युगात आसनच उडू लागलं : संकटात ते वैमानिकासकट विमानाबाहेर फेकलं जाई. २४ जुलै १९४६ रोजी बर्नार्ड लिंच यांनी मार्टिन-बेकरच्या आसनासह चालत्या मीटिऑर विमानातून पहिली झेप घेतली. त्यानंतर आसनाचे पट्टे आणि पॅराशूटचे पट्टे एकमेकांत गुंतत गेले, पाय मागे खेचणाऱ्या दोऱ्या आल्या, आणि मॉडेलमधलं आसन गुंतागुंतीचं झालं.

आपल्याकडे याचा सगळ्यात जवळचा नमुना म्हणजे नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सने बांधलेली मिग-२१. त्यांतल्या एफएल प्रकाराची काचेची छत्री (कॉकपिटवरचं झाकण) पुढच्या बाजूला बिजागरी असलेली, अखंड, आणि आत जुनं एसके आसन; बाहेर पडताना छत्रीच वैमानिकाला वाऱ्यापासून झाकत असे. नंतरच्या एम आणि बिस प्रकारांत समोरची काच वेगळी, छत्री उजवीकडे उघडणारी, आणि आसन केएम-१ घराण्यातलं. आसन बदललं की हार्नेसही बदलतं. भारतीय खुणांचं एफएल करायला घेतलं आणि बिससाठी काढलेला पट्ट्यांचा संच वापरला, तर पट्टे कितीही सुबक असोत, ते दुसऱ्याच विमानाचे असतात. म्हणून संच विकत घेण्याआधी छत्री कोणत्या बाजूला उघडते, ते फोटोत बघावं.