कचरा डेपोशेजारच्या बोअरचे पाणी: नमुना घेण्यापासून कल ओळखण्यापर्यंत

नागपूरचा कचरा वर्षानुवर्षे भांडेवाडीत साचत गेला. अशा ढिगावर पडलेला पाऊस झिरपताना क्षार, अमोनिया, सेंद्रिय आम्ले आणि थोडेफार जड धातू बरोबर घेऊन खाली उतरतो. हा काळपट द्रव म्हणजे लीचेट. आसपासच्या बोअरचे पाणी त्याने बिघडले का, याचा निकाल बरेचदा एका बाटलीच्या अहवालावर लावला जातो. तो तसा लावू नये. अहवालातला आकडा विहीर निवडताना आणि पंप चालवतानाच निम्मा ठरलेला असतो.

आधी पाणी कुठून कुठे वाहते ते शोधावे लागते. डेपोभोवती एका रेषेत नसलेल्या किमान तीन बोअर घ्यायच्या आणि पंप सुरू करण्यापूर्वी प्रत्येकीची पातळी सेंटीमीटरपर्यंत मोजायची. बोअरच्या तोंडाच्या समुद्रसपाटीपासूनच्या उंचीतून ही खोली वजा केली की पाण्याचा उतार कळतो. एक बोअर वरच्या अंगाला, म्हणजे जिकडून पाणी डेपोकडे येते त्या बाजूला, हवीच. भांडेवाडीजवळून सांडपाणी वाहणारी नाग नदी जाते, आणि वस्तीतले सेप्टिक टँक वेगळेच. दोन्हींतून क्लोराइड आणि नायट्रोजन जमिनीत जातो. वरच्या अंगाचा आकडा हाताशी नसेल, तर कचऱ्याचा वाटा किती हे सांगताच येत नाही.

नागपुरात आणखी एक अडचण आहे. शहराच्या पश्चिमेला दख्खनचा बेसाल्ट, पूर्वेला त्याहून कितीतरी जुना ग्नाइस. दोन्ही कठीण खडक. वरच्या मुरुमात पाणी सावकाश मुरते, पण खाली ते भेगांमधूनच पळते. त्यामुळे डेपोला खेटून असलेली बोअर स्वच्छ निघते आणि लांबची, त्याच भेगेवर बसलेली, खराब. २०१६च्या घनकचरा नियमांनी भरावाच्या हद्दीपासून ५० मीटरच्या आत उन्हाळा, पावसाळा आणि पावसाळ्यानंतर तपासणी सांगितली होती. तेवढ्यावर इथे थांबू नये. भेगा ज्या दिशेने जातात, त्या दिशेच्या लांबच्या बोअरही यादीत हव्यात.

आता प्रत्यक्ष नमुना. बोअरमध्ये साचून राहिलेले पाणी खडकातल्या पाण्यासारखे नसते. १५० मिमी व्यासाच्या बोअरमध्ये दर मीटरला सुमारे १८ लिटर पाणी असते. २० मीटरचा स्तंभ असेल तर साडेतीनशे लिटर, आणि त्याच्या तिप्पट, म्हणजे हजारभर लिटर आधी उपसून टाकायचे. सामू, विद्युतवाहकता आणि तापमान लागोपाठ तीन वाचनांत स्थिर झाले की बाटली भरायची. कमी पाण्याची बोअर मात्र रेटून कोरडी करत राहू नये. भेगांतून धबधब्यासारख्या पडणाऱ्या पाण्यात हवा मिसळते आणि विरघळलेले लोह गाळ होऊन बसते. ती एकदा रिकामी करावी, पातळी परत चढू द्यावी, मग नमुना घ्यावा. जुन्या हातपंपाचा जस्ती पाइप स्वतःच लोह आणि जस्त सोडतो, म्हणून धातूंसाठी तो टाळलेला बरा.

धातूंची बाटली जागेवरच ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून भरून नायट्रिक आम्लाने सामू २ च्या खाली आणायचा. गढूळ पाणी न गाळता आम्ल टाकले, तर मातीच्या कणांतले धातूही विरघळतात आणि आकडा फुगतो. आम्लच टाकले नाही, तर उलटे होते: स्वच्छ दिसणारे पाणी काही तासांत पिवळसर होते, बाटलीच्या बुडाशी तांबूस साका बसतो आणि प्रयोगशाळा वरचे पाणी तपासून लोह कमी असल्याचे कळवते. अमोनियाच्या बाटलीत सल्फ्युरिक आम्ल. नायट्रेटची बाटली बर्फात ठेवून ४८ तासांत तपासायची. दर दहा नमुन्यांमागे एक दुबार नमुना द्यावा आणि अहवाल आल्यावर धन व ऋण आयनांची बेरीज जुळते का पाहावे. ५ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर तपासणी पुन्हा करून घ्यावी.

अहवाल वाचताना लोक आधी नायट्रेट शोधतात. पिण्याच्या पाण्याच्या मानकात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. पण ढिगाच्या अगदी जवळ प्राणवायूच नसतो, तिथे नायट्रोजन अमोनियाच्या रूपात राहतो. लोह आणि मँगनीजही तिथे विरघळून चढतात. पुढे प्राणवायू मिळाला की अमोनियाचे नायट्रेट होते. म्हणून डेपोशेजारी नायट्रेट नगण्य दिसले याचा अर्थ पाणी शुद्ध आहे असा नाही. सगळ्यात भरवशाचा साक्षीदार क्लोराइड. ते मातीला चिकटत नाही, जंतूंना लागत नाही, पाण्याबरोबर जसेच्या तसे जाते.

कल पाहताना मेची तुलना मेशीच करायची. उन्हाळ्यात तडकलेल्या काळ्या मातीतून पहिला पाऊस थेट खाली जातो, नंतर माती फुगून भेगा मिटतात आणि भरपूर पाण्याने क्षार पातळ होतात. जूनचा आकडा ऑक्टोबरशेजारी ठेवला की हवामानच मोजले जाते. आठ वर्षांची आठ मे-वाचने असतील, तर प्रत्येकाची आधीच्या सर्वांशी जोडी लावून २८ जोड्या होतात. त्यांतल्या २२ जोड्यांत आकडा चढलेला आणि ६ मध्ये उतरलेला असेल, तर इतका किंवा याहून मोठा चढ निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता साधारण ३ टक्के. मान-केंडाल चाचणी ती हीच, कागद-पेन्सिलीनेही होते. आलेखावर पाणीपातळीही काढावी. ज्या वर्षी पाऊस चांगला झाला, त्या वर्षी क्लोराइड घटले म्हणून गळती थांबली असे होत नाही.

‘आढळले नाही’ याच्या जागी शून्य लिहू नये. उपकरणाची शोधमर्यादा, म्हणजे त्याला ओळखता येणारे सर्वांत कमी प्रमाण, लिहावी. प्रयोगशाळा बदलली आणि मर्यादा खाली आली, तर पाणी तेच असूनही प्रदूषण घटल्याचा भास होतो.

जुना ढीग उपसून चाळण्याचे काम सुरू झाले की लक्ष दुप्पट हवे. उघडा पडलेला कचरा पाऊस जास्त शोषतो, त्यामुळे सुरुवातीची काही वर्षे आकडे चढू शकतात. त्याच काळात यंत्रांखाली निरीक्षण बोअर बुजतात आणि मालिका तुटते. काम सुरू होण्याआधी प्रत्येक बोअरला सिमेंटचा ओटा, कुलपाचे झाकण आणि ठळक खांब करून घ्यावा. भराव बंद झाल्यावरही किमान १५ वर्षे देखरेख ठेवण्याचे बंधन २०१६च्या नियमांत होते. एवढा काळ त्याच बोअरमधून, त्याच पद्धतीने पाणी काढता आले पाहिजे.