शून्य भागिले शून्य : रूल आधी आला, लिमिट नंतर

सीईटीच्या तयारीत लिमिट (एक्स एखाद्या किमतीकडे जाताना राशी कुठल्या किमतीकडे जाते ते) काढताना किंमत टाकली आणि वर-खाली दोन्हीकडे शून्य आलं की पोरं लगेच लोपितालचा रूल लावतात, म्हणजे अंशाचं वेगळं डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर), छेदाचं वेगळं, आणि परत किंमत टाकायची. मला हा रूल मनापासून आवडतो आणि त्याच्या मागची गोष्ट तर त्याहून जास्त.

गियोम द लोपिताल हा फ्रान्समधला उमराव, गणिताचं प्रचंड वेड. १६९१-९२ मध्ये त्याने स्वित्झर्लंडच्या बासेलच्या तरुण योहान बर्नुलीची शिकवणी लावली, कॅल्क्युलस, म्हणजे बदलाचं गणित, तेव्हा इतकं नवं होतं की ते येणारी माणसं युरोपात बोटांवर मोजण्याइतकी. मग १७ मार्च १६९४ च्या पत्रात त्याने सरळ व्यवहारच मांडला, वर्षाला ३०० लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) देतो, तुम्ही जे नवीन शोधाल ते मला कळवा आणि दुसऱ्या कोणाला सांगू नका. बर्नुली तयार झाला. त्याच वर्षी ०/० ची रीत पत्रातून लोपितालकडे गेली आणि १६९६ मध्ये त्याच्या पुस्तकात छापून आली, कॅल्क्युलसचं ते पहिलं पाठ्यपुस्तक.

या रीतीसाठी पुस्तकात दिलेलं पहिलं गणित बघाच. अंशात (२अ³क्ष − क्ष⁴) चं वर्गमूळ, त्यातून वजा अ गुणिले (अ²क्ष) चं घनमूळ. छेदात अ वजा (अक्ष³) चं चौथं मूळ. क्ष च्या जागी अ टाका, वर अ² − अ², खाली अ − अ, दोन्ही शून्य. डेरिव्हेटिव्ह घेऊन अ टाकलं की वर −४अ/३, खाली −३/४, उत्तर १६अ/९. पहिल्याच उदाहरणाला एवढं अवघड गणित घेतलंय!

प्रस्तावनेत लोपितालने बर्नुली बंधूंचे आभार मानलेत, पण कुठली गोष्ट कोणाची ते सांगितलं नाही. १७०४ मध्ये तो वारला आणि त्यानंतर बर्नुलीने रूल माझा आहे असं जाहीर केलं, पण लोकांना ते फारसं पटलं नाही. शेवटी १९२२ मध्ये बासेलला सापडलेली त्याची जुनी लेक्चर्स छापली गेली, ती आणि पुस्तक शेजारी ठेवल्यावर किती मजकूर तिथून आलाय ते दिसलं, आणि १९५५ मध्ये पत्रंही छापली गेल्यावर वाद उरला नाही. माझ्या मते रूलला बर्नुलीचं नाव हवं होतं.

पण खरी गंमत पुढे आहे, त्या पुस्तकात लिमिट ही कल्पनाच नाही, सगळं अतिसूक्ष्म, म्हणजे शून्याच्या अगदी जवळच्या, राशींवर चाललंय. या राशी आधी शून्य नाहीत आणि नंतर शून्य, हे कसं, असं बिशप बर्कलीने १७३४ मध्ये रोखठोक विचारलं आणि ते बरोबरच होतं. फ्रेंच गणिती कोशीने १८२१ मध्ये कॅल्क्युलस लिमिटवर उभं केलं, म्हणजे रूल छापल्यावर तब्बल १२५ वर्षांनी, आणि ‘किती जवळ’ हे नेमकं मोजून सांगणारी एप्सिलॉन-डेल्टाची आजची काटेकोर भाषा जर्मन गणिती वायरश्ट्रासच्या लेक्चर्समधून रुळली.

आपल्याकडे भास्कराचार्यांनी ११५० च्या लीलावतीत या प्रश्नाला हात घातलाय. एका संख्येला शून्याने गुणा, त्यात त्याचंच अर्धं मिळवा, तीनने गुणा, शून्याने भागा, उत्तर ६३, तर संख्या कोणती? त्यांचं उत्तर १४. पुढे क्रिया बाकी असतील तर शून्याने गुणलेलं लगेच शून्य करून टाकायचं नाही, तसंच धरून ठेवायचं, ही त्यांची अट. ही लिमिटची व्याख्या नाही, पण शून्याला घाईने संपवायचं नाही ही समज त्यात स्पष्ट आहे.

हा आधी-नंतरचा घोळ आजही वहीत होतो. साइन एक्स भागिले एक्स, एक्स शून्याकडे जाताना, हे पोरं लोपितालने सोडवतात, वर कॉस एक्स, खाली १, उत्तर १. पण साइनचं डेरिव्हेटिव्ह कॉस आहे हे सिद्ध करायला हेच लिमिट आधी लागतं! म्हणून तिथे वर्तुळाची आकृतीच काढावी लागते, आतला त्रिकोण, मधली पाकळी, बाहेरचा त्रिकोण, आणि तिघांची क्षेत्रफळं एकमेकांच्या शेजारी मांडायची.