पिरीची गुप्त भेट (जुलै १९३९)

पिरीची भेट म्हणजे २५ आणि २६ जुलै १९३९ ला वॉर्सॉत आणि शहराबाहेरच्या काबाती जंगलात, पिरी गावाजवळ, झालेली पोलंड, फ्रान्स आणि ब्रिटनच्या सांकेतिक लिपीवाल्यांची बैठक. इथे पोलिश लोकांनी पाहुण्यांना सांगितलं की जर्मन लष्कराचं एनिग्मा, म्हणजे संदेश सांकेतिक लिपीत बदलणारं मशीन, आम्ही साडेसहा वर्षांपूर्वीच फोडलंय, आणि नुसतं सांगून थांबले नाहीत, स्वतः बनवलेली दोन मशीन द्यायलाही तयार झाले. साधारण पाच आठवड्यांनी, १ सप्टेंबरला, हिटलरचं सैन्य पोलंडमध्ये घुसलं. एनिग्मा म्हटलं की आपल्याला अ‍ॅलन ट्युरिंग (ब्रिटिश गणिती) आणि ब्लेचली पार्क (ब्रिटनचं सांकेतिक संदेश फोडायचं केंद्र) एवढंच आठवतं, पण ही गोष्ट त्याच्या बरीच आधी सुरू होते आणि खऱ्या हेरकथेचा मसाला त्या आधीच्या भागातच आहे.

सुरुवात होते पैशाच्या चणचणीत असलेल्या एका माणसापासून. हान्स-थिलो श्मिट हा बर्लिनमध्ये जर्मन लष्कराच्या सायफर (सांकेतिक लिपी) ऑफिसात नोकरीला होता, त्याचा सख्खा भाऊ रुडॉल्फ लष्करात मोठा अधिकारी (पुढे तर पँझर आर्मीचा सेनापती झाला), आणि हा मात्र कर्ज आणि बायकांच्या भानगडी सांभाळत बसलेला. त्याने स्वतःहून फ्रेंचांशी संपर्क साधला. नोव्हेंबर १९३१ मध्ये बेल्जियममधल्या व्हेर्व्हिए गावातल्या हॉटेलात फ्रेंच गुप्तचर खात्याचा कॅप्टन ग्युस्ताव बेर्त्रां त्याला भेटला, श्मिटने आणलेल्या एनिग्माच्या माहितीपुस्तिकांचे तिथल्या तिथे फोटो काढले, श्मिटला दहा हजार मार्क मिळाले आणि कागद परत ऑफिसच्या तिजोरीत. फ्रेंचांनी त्याला सांकेतिक नाव दिलं ‘आशे’.

आता गंमत बघा, एवढा ऐवज हातात येऊनही पॅरिसमधल्या तज्ज्ञांना त्याचं काय करायचं ते कळेना, कारण मशीन कसं वापरायचं हे त्या कागदांत होतं पण आतली वायरिंग कशी आहे ते नव्हतंच. ब्रिटिशांना दाखवलं, त्यांनीही फारसा रस घेतला नाही. मग बेर्त्रांने डिसेंबर १९३१ मध्ये ते वॉर्सॉला नेऊन पोलिश सायफर ब्युरोचा प्रमुख ग्विडो लांगरला दिले. पोलंडला गरजही सगळ्यात जास्त होती म्हणा, एका बाजूला जर्मनी, दुसऱ्या बाजूला सोव्हिएत रशिया, आणि देश परत नकाशावर येऊन जेमतेम तेरा वर्षं झालेली.

पोलिश लोकांचं वेगळेपण कशात होतं तर त्यांनी भाषेच्या पंडितांऐवजी गणितवाले पकडले. १९२९ मध्ये पोझनान विद्यापीठात गणिताच्या निवडक मुलांसाठी गुपचूप एक कोर्स घेतला. पोझनानच का, तर पहिल्या महायुद्धापर्यंत तो भाग जर्मनीतच होता आणि तिथल्या पोरांना जर्मन चांगलं यायचं. त्यातून तिघे निवडले गेले, मारियान रेयेफ्स्की, येझी रुझित्स्की आणि हेन्रिक झिगाल्स्की, तिघेही विशी-पंचविशीतले. डिसेंबर १९३२ मध्ये श्मिटचे कागद, दोन महिन्यांच्या जुन्या किल्ल्या (मशीन रोज कसं लावायचं त्या मांडण्या) आणि पकडलेले रेडिओ संदेश एवढ्या भांडवलावर रेयेफ्स्कीने पर्म्युटेशनची समीकरणं मांडून मशीनची आतली वायरिंग शोधून काढली, तीही लष्करी मशीन डोळ्यांनी न बघता. एका ठिकाणी गाडी अडली होती, कीबोर्डवरून येणाऱ्या वायरी आतल्या चाकाला कुठल्या क्रमाने जोडल्यात ते कळत नव्हतं. बाजारात मिळणाऱ्या एनिग्मात तो क्रम कीबोर्डवरच्या अक्षरांचा होता. रेयेफ्स्कीने विचार केला, जर्मनांना शिस्त प्यारी, सरळ एबीसीडी असेल का? तसंच निघालं.

पुढची काही वर्षं पोलिश ब्युरो जर्मन संदेश वाचत होता. वॉर्सॉतली आव्हा नावाची रेडिओ कंपनी एनिग्माच्या नकला बनवून देत होती. श्मिट अजून किल्ल्या विकत होता, बेर्त्रां त्या लांगरला पोचवत होता आणि लांगर मात्र त्या स्वतःच्या कपाटात ठेवून गणितवाल्यांना देतच नव्हता! उद्या हेर पकडला गेला तर काम अडू नये, पोरांनी स्वतःच्या जोरावर रोजची किल्ली शोधायला शिकावं म्हणून असं केलं असावं असं मानलं जातं. मला हा सगळ्या प्रकरणातला सगळ्यात थंड डोक्याचा निर्णय वाटतो, कारण तेव्हा तिघांनी जी साधनं तयार केली तीच पुढे कामाला आली, झिगाल्स्कीचे भोकांचे कागद आणि रेयेफ्स्कीचं किल्ली शोधणारं ‘बोंबा’ नावाचं मशीन.

१९३८ च्या शेवटी मात्र सगळं फिसकटलं. सप्टेंबरमध्ये जर्मनांनी किल्ली पाठवायची पद्धत बदलली आणि १५ डिसेंबरला दोन नवीन चाकं आणली, म्हणजे आता पाचातली तीन वापरायची. चाकं लावायच्या ६ पद्धती होत्या त्या झाल्या ६०. नव्या चाकांची वायरिंगही रेयेफ्स्कीने काढली, पण ६ बोंबांच्या जागी ६० कुठून आणणार, आणि झिगाल्स्कीच्या २६ कागदांच्या संचांपैकी दोनच तयार होते, प्रत्येक कागदावर हजारेक भोकं, तीही ब्लेडने हाताने कापायची. तेवढं मनुष्यबळ आणि पैसा ब्युरोकडे नव्हता. जानेवारी १९३९ मध्ये पॅरिसला तिन्ही देशांचे लोक भेटले तेव्हा पोलिश लोकांनी तोंड उघडलं नाही, समोरचे काय देतात ते आधी बघत होते आणि समोरच्यांकडे देण्यासारखं काहीच नव्हतं. मग मार्चमध्ये हिटलरने प्राग घेतलं, ब्रिटनने पोलंडला संरक्षणाची हमी दिली, एप्रिलमध्ये हिटलरने पोलंडशी केलेला अनाक्रमण करार फाडला, आणि आता झाकून ठेवण्यात अर्थ उरला नाही.

तर जुलैमध्ये बोलावणं गेलं. ब्रिटनकडून अ‍ॅलिस्टर डेनिस्टन (तिथल्या सांकेतिक लिपी खात्याचा प्रमुख), डिली नॉक्स आणि नौदलाचा हम्फ्री सँडविथ, फ्रान्सकडून बेर्त्रां आणि आंरी ब्राकेन्ये. डेनिस्टन आणि नॉक्स ट्रेनने आले, तेही चक्क जर्मनीतून. जंगलातल्या ब्युरोच्या इमारतीत पाहुण्यांना मशीन, बोंबा, कागद सगळं दाखवलं. नॉक्स ग्रीक पपायरसांचा अभ्यासक, एनिग्मावर बराच काळ डोकं फोडत होता आणि अडला होता तो नेमका त्या वायरींच्या क्रमावर. उत्तर इतकं साधं आहे हे ऐकून त्याचा भडका उडाला, बाकीचे अवघडून गेले. पण रेयेफ्स्की आणि मंडळींशी प्रत्यक्ष बोलणं झाल्यावर गडी एकदम खुलला, आणि घरी जाऊन त्याने तिघांना पोलिश भाषेत आभाराची चिठ्ठी पाठवली, सोबत डर्बीच्या घोड्याचं चित्र असलेले रेशमी स्कार्फ. लांगर-रेयेफ्स्कींनी बदल्यात काही मागितलं नव्हतं.

१६ ऑगस्टला बेर्त्रांने एक मशीन लंडनला नेलं. व्हिक्टोरिया स्टेशनवर घ्यायला आला होता स्ट्युअर्ट मेंझीज, ब्रिटिश गुप्तचर खात्याचा पुढचा प्रमुख, तोही डिनर जॅकेट घालून.

युद्ध सुरू झाल्यावर तिघे पोलिश गणितवाले रुमानियामार्गे फ्रान्सला पोचले. झिगाल्स्कीच्या कागदांचे पूर्ण संच ब्रिटिशांनी बनवले, ट्युरिंग ते घेऊन जानेवारी १९४० मध्ये पॅरिसजवळच्या त्यांच्या केंद्रावर आला आणि युद्धकाळातली पहिली एनिग्मा किल्ली तिथेच सापडली. रुझित्स्की १९४२ मध्ये भूमध्य समुद्रात जहाज बुडून गेला. बाकी दोघे १९४३ मध्ये पिरेनीज ओलांडताना वाटाड्यानेच लुटले गेले, मग स्पेनच्या तुरुंगातून कसेबसे ब्रिटनला, आणि तिथे त्यांना ब्लेचलीत घेतलंच नाही, भलत्याच सायफरवर बसवलं. हे मला तरी कृतघ्नपणाचं वाटतं, सुरक्षेचं कारण कितीही दिलं तरी. लांगर आणि जर्मन विभागाचा प्रमुख माक्सिमिलियान चेंश्की जर्मनांच्या हाती सापडले, चौकशी झाली, पण १९३८ च्या बदलांनी आमचं काम बंदच पडलं असं त्यांनी पटवून दिलं. श्मिटचं नाव त्याला हाताळणाऱ्या फ्रेंचांच्याच दुसऱ्या एका माणसाने (बेर्त्रांने नव्हे) फोडलं, १९४३ मध्ये त्याला अटक झाली आणि तो कैदेतच मेला.

रेयेफ्स्की १९४६ मध्ये पोलंडला परतला, ब्यिडगोश्चमध्ये हिशेबनिसाची नोकरी करत राहिला, कम्युनिस्ट पोलिसांची पाळत वेगळीच. १९७३ मध्ये बेर्त्रांचं पुस्तक आलं आणि तेव्हा कुठे बाहेरच्या जगाला हे प्रकरण कळायला लागलं. १९८० मध्ये रेयेफ्स्की वॉर्सॉत वारला, त्याआधी त्याने आपली पद्धत स्वतः सविस्तर लिहून ठेवली.