भू-भुंगेरे, मोठे शिकारी (पुणे परिसर)

कॅरॅबिडी कुलातील, जमिनीवर धावून सावज धरणारे भुंगेरे. जगभरात या कुलाच्या सु. ४०,००० जाती ज्ञात असून बहुसंख्य जाती लहान चणीच्या आहेत. पुण्याभोवतालच्या टेकड्या व झुडपी राने यांत आढळणाऱ्या मोठ्या जातींत अँथिया सेक्सगुटाटा ही सर्वांत ठळक होय. लांबी सु. ४ सेंमी., रंग काळा. अग्रवक्षावर (डोक्यामागील भागावर) दोन व ढालपंखांवर (पाठीवरील कठीण पुढच्या पंखांवर) चार असे सहा पांढरे ठिपके.

ओळख : ठिपके मोजून जात ठरवण्याची पद्धत रूढ असली, तरी ती पुरेशी नाही. हे ठिपके म्हणजे दाट पांढरी लव असते. ती झिजली की ठिपका पुसट होतो. शिवाय थेरिया पेटिव्हेरियाना हे दक्षिण भारतातील झुरळही काळे, पांढऱ्या ठिपक्यांचे असते. त्याचे ठिपके मात्र सात. झुरळाचे पुढचे पंख एकावर एक चढतात, तर भुंगेऱ्याचे ढालपंख पाठीवर मधोमध सरळ रेषेत जुळतात. झुरळाने भुंगेऱ्याची नक्कल केली आहे, असे मानले जाते.

दगडाखाली सापडणाऱ्या काळ्या टेनेब्रिऑनिडी (दुसऱ्या एका कुलातील) भुंगेऱ्यांशी होणारी गल्लत अधिक अवघड. त्यासाठी कीटक काचेच्या बरणीत घेऊन खालच्या बाजूने पाहावा. भू-भुंगेऱ्यात मागच्या पायांची मुळे उदराची पहिली पट्टी पार दुभागतात, आणि सहाही पायांच्या टोकाशी पाच-पाच सांधे असतात. टेनेब्रिऑनिडींत पट्टी अखंड राहते व मागच्या पायांना चारच सांधे असतात. व्याघ्र भुंगेऱ्यांत डोळ्यांसह डोके अग्रवक्षापेक्षा रुंद असते. हा गट याच कुलात धरावा की वेगळा, याविषयी मतभेद असून अलीकडचा कल वेगळे कुल मानण्याकडे आहे. स्कॅराइटीस या भू-भुंगेऱ्यांची कंबर आवळलेली, तर पुढचे पाय खणण्याजोगे रुंद व दातेरी असतात.

वर्गीकरण व उगम : कीटकशास्त्रज्ञ फाब्रिसियस यांनी १७७५ मध्ये अँथिया सेक्सगुटाटाचे वर्णन कॅराबस या प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात, genus) केले, अँथिया ही प्रजाती वेबर यांनी १८०१ मध्ये स्थापली. खुद्द कॅराबस ही युरोप व उत्तर आशियातील वनांची प्रजाती असून ती भारतीय द्वीपकल्पात नाही. त्यामुळे युरोपीय ओळखतक्ते येथे दिशाभूल करतात. भारतीय जातींसाठी एच. ई. अँड्र्यूज यांच्या १९२९ व १९३५ मधील दोन खंडांवर अभ्यासकांची आजही बरीच भिस्त आहे.

अँथियाच्या बहुतेक जाती आफ्रिकेतील आहेत, मग त्यांतली एक दख्खनमध्ये कशी? असे विखुरलेले वास्तव्य सामान्यतः दोन प्रकारे समजावले जाते. गोंडवन हा दक्षिणेकडील प्राचीन महाखंड तुटताना भारताबरोबर आलेला हा वारसा असावा, ही एक उपपत्ती. तीनुसार वंशशाखा किमान आठ-नऊ कोटी वर्षांपूर्वीची ठरते, कारण सर्वसाधारण मतानुसार सु. ८.८ कोटी वर्षांपूर्वी भारत मादागास्करपासूनही अलग झाला होता. दुसरी उपपत्ती, पुढे केव्हातरी अरबस्तान-इराणच्या कोरड्या पट्ट्यातून झालेल्या प्रसाराची. अरबस्तानात या प्रजातीच्या जाती आहेत, इराण व तुर्कमेनिस्तानात अँथिया मॅनरहाइमी आढळते. वाटेवरचे हे दुवे पाहता दुसरी उपपत्ती अधिक ग्राह्य वाटते. तिचा काळ मात्र निश्चित सांगता येत नाही.

संरक्षण : उदराच्या टोकाशी असलेल्या ग्रंथींतून अँथिया फॉर्मिक अम्लाची पिचकारी नेम धरून मारतो. डोळ्यात गेल्यास इजा होते. भरपूर पाण्याने डोळे धुवावेत. फेरोप्सोफस या पिवळ्या-काळ्या भुंगेऱ्याचा सु. १००° से. तापमानाचा, आवाज करत सुटणारा फवारा क्विनोन या दाहक रसायनांचा असतो. दोहोंची सरमिसळ लोकप्रिय लेखनात सर्रास दिसते. अँथियाच्या फवाऱ्याची जरब किती, हे दक्षिण आफ्रिकेतील एका सरड्यावरून कळते : त्याची पिले काळी-पांढरी असून पाठ कमानीसारखी उचलून आफ्रिकी अँथियासारखी चालतात (ह्युई व पियांका, १९७७).

आढळ : अँथिया पावसाळ्यात, विशेषतः संध्याकाळनंतर, मोकळ्या जमिनीवर धावताना दिसतो. कीटक व इतर लहान प्राणी हे भक्ष्य. अळ्याही शिकारी. नमुने ताडून पाहण्यासाठी आकुर्डी येथे भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पश्चिम प्रादेशिक केंद्राचा संग्रह आहे. अँथियाला उडता येत नाही. रस्ते व वस्ती ओलांडणे त्याला कठीण. म्हणून वेताळ टेकडी, तळजाई व सिंहगड परिसर येथील नोंदी ‘पुणे’ या एकाच ठिकाणाखाली न घालता वेगवेगळ्या ठेवाव्यात.