खेरांच्या आधीचे साडेतीन महिने

‘मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान बाळासाहेब खेर’ हे वाक्य इतक्यांदा छापून आलंय की कुणी तपासायच्या फंदात पडत नाही. (तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्यालाही पंतप्रधान म्हणत.) खेर काँग्रेसचे पहिले. प्रांताचे पहिले होते साताऱ्याचे सर धनजीशा कूपर, सातारा रोडला नांगरांचा कारखाना काढणारे पारशी उद्योजक.

झालं असं. 1937 च्या निवडणुकीत 175 जागांच्या विधानसभेत काँग्रेस सर्वात मोठा पक्ष ठरला. पण गव्हर्नर आपले खास अधिकार वापरून कारभारात ढवळाढवळ करणार नाहीत, अशी हमी मिळाल्याशिवाय सत्ता घ्यायची नाही, असं पक्षाने ठरवलं होतं. हमी मिळेना. इकडे 1 एप्रिलला प्रांतांचा कारभार निवडून आलेल्या मंत्र्यांकडे देणारा नवा कायदा (1935 चा भारत सरकार कायदा) लागू होत होता, म्हणजे मंत्रिमंडळ तर हवंच. गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्न यांनी कूपरांना बोलावलं. कूपर काही उपटसुंभ नव्हते. त्याआधीही त्यांनी प्रांत सरकारात काम केलं होतं. कामगार पुढारी जमनादास मेहता त्यांच्या मंत्रिमंडळात होते.

बहुमत मात्र नव्हतं. सभागृह सहा महिन्यांत बोलवावं लागणार होतं आणि तिथे निभाव लागला नसता, हे उघड होतं. जूनमध्ये व्हाइसरॉय लिनलिथगोंनी निवेदन काढून गव्हर्नर उगाच ढवळाढवळ करणार नाहीत असा दिलासा दिला, त्यानंतर काँग्रेसचा सूर बदलला आणि 19 जुलैला खेर आले.

औटघटकेचं का होईना, मंत्रिमंडळ ते मंत्रिमंडळच. यादीत पहिलं नाव कूपरांचंच लागतं.