शाळेतून लसीचा फॉर्म आलाय: संमती पालकांची की मुलाची? (इंग्लंडमधल्या मराठी घरांसाठी)

मूल इयर एटमध्ये गेलं की शाळेच्या ईमेलमध्ये एक दिवस एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा विषाणू) लसीच्या संमतीची लिंक येते. ट्रिपच्या पैशांची आठवण आणि हरवलेल्या जंपरची चौकशी यांच्या मधोमध ती दबलेली असते. आमच्याकडे ती दहा दिवस तशीच पडून होती. मुदतीच्या आदल्या रात्री लेकीनंच विचारलं, "आई, तू फॉर्म भरला नाहीस तर नर्स मलाच विचारू शकते, माहितीये ना?" मला माहीत नव्हतं. आमच्या मराठी ग्रुपवर विचारलं, तर तिथेही फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. "असं कसं, आईबापांची सही नको?" एवढाच सूर होता. म्हणून ही माहिती. नियम इंग्लंडचे आहेत. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे, त्याबद्दल पुढे दोन ओळी येतील.

कुणाला कोणती लस

एचपीव्ही इयर एटमध्ये, म्हणजे १२-१३ व्या वर्षी देतात. मुलींना २००८ पासून मिळते, मुलग्यांना सप्टेंबर २०१९ पासून. "ही मुलींची लस ना?" असं अजूनही विचारलं जातं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरून ती ओळखली जाते हे खरं, पण हाच विषाणू तोंडाच्या आणि घशाच्या काही कर्करोगांनाही कारण ठरतो, आणि ते मुलग्यांनाही होतात. सप्टेंबर २०२३ पासून एकच डोस पुरतो. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मुलांना मात्र तीन लागतात. इयर नाइनच्या आसपास धनुर्वात, घटसर्प आणि पोलिओचा एकत्र बूस्टर आणि मेनिंजायटिसची मेनएसीडब्ल्यूवाय अशा दोन लसी असतात. फ्लूची लस दर वर्षी शरद ऋतूत, बहुतेक मुलांना नाकातल्या फवाऱ्यानं.

पात्रतेला याहून वेगळी अट नाही. व्हिसा कोणता, देशात येऊन किती महिने झाले, हे कुणी विचारत नाही. पैसे पडत नाहीत. घरीच शिकणाऱ्या मुलांनाही लस मिळते, फक्त स्थानिक शालेय लसीकरण पथकाशी आपण संपर्क साधायचा. आणि इथे कोणतीच लस सक्तीची नाही. लस घेतली नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारत नाही.

फॉर्म

फॉर्म शाळेचा नसतो. शाळा फक्त लिंक पुढे पाठवते, लस देणारं पथक एनएचएसच्या (सरकारी आरोग्यसेवेच्या) वतीनं काम करतं. त्यामुळे शाळेच्या ऑफिसात फोन करून लसीबद्दल प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. ईमेलमध्ये पथकाचा नंबर असतो, तो लावा.

भरायला दहा मिनिटं लागतात. मुलाचं नाव, जन्मतारीख, पत्ता, शाळा आणि जीपी सर्जरीचं नाव. (नवीन आलेल्यांसाठी: सर्जरी म्हणजे ऑपरेशन नव्हे, आपल्या फॅमिली डॉक्टरचा दवाखाना.) एनएचएस नंबर हाताशी असेल तर टाका. तो जीपीकडून आलेल्या पत्रांवर असतो. नसला तरी फॉर्म अडत नाही. मग तब्येतीचे प्रश्न: आधी एखाद्या लसीची तीव्र ॲलर्जी आली होती का, रक्तस्रावाचा काही विकार आहे का, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू आहेत का. इथे घाईनं सगळीकडे "नाही" टिक करू नका. शेवटी तुमचं मुलाशी नातं, फोन नंबर, आणि "हो" किंवा "नाही".

मुलाचं जीपीकडे नाव नसेल तर ते आधी नोंदवा. नोंदणीचा फॉर्म सर्जरीत मिळतो. त्यासाठी पत्त्याचा पुरावा किंवा पासपोर्ट दाखवणं बंधनकारक नाही. काही रिसेप्शनवर मागतात. नसेल तर तसं शांतपणे सांगा, त्या कारणावरून नोंदणी नाकारता येत नाही.

शाकाहारी घरांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. नाकातल्या फ्लूच्या फवाऱ्यात डुकरापासून केलेलं जिलेटिन असतं. ते चालणार नसेल तर फॉर्मवर तसं लिहून इंजेक्शनची लस मागता येते, तिच्यात जिलेटिन नसतं. एचपीव्हीच्या लसीतही नसतं. ग्रुपवर "सगळ्या लसींत असतं" असं फिरतं, ते चूक आहे.

मोठ्यांपैकी कुणाची संमती चालते

कायद्यातला शब्द आहे पॅरेंटल रिस्पॉन्सिबिलिटी, म्हणजे मुलाबद्दलची कायदेशीर जबाबदारी आणि अधिकार. आईकडे ती जन्मापासून असते. बाप आईशी विवाहित असेल तर त्याच्याकडेही असते. अविवाहित बापाचं नाव इंग्लंडमधल्या जन्मदाखल्यावर १ डिसेंबर २००३ नंतर नोंदलेलं असेल तरी असते. दोघांपैकी एकानं हो म्हटलं की पुरतं. पण एक हो म्हणतोय आणि दुसऱ्याचा विरोध पथकाला कळला, तर दोघांचं एकमत होईपर्यंत किंवा कोर्टाचा आदेश येईपर्यंत लस देत नाहीत. घटस्फोट झालेल्या घरांनी हे ध्यानात ठेवावं. २०१३ मध्ये अशाच भांडणात ११ आणि १५ वर्षांच्या दोन बहिणींना एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेलाची लस) द्यावी असा आदेश कोर्टानं दिला होता. बाप लसीच्या बाजूनं, आई विरोधात, आणि मुलींनाही नको होती. तरीही दिला.

आता आपल्याकडचा खास प्रश्न. पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेली आजी, किंवा ज्यांच्याकडे मूल शिकायला राहतंय ते काका-काकू: यांना स्वतःच्या अधिकारात संमती देता येत नाही, कितीही जवळचे असले तरी. मात्र तुम्ही आधी संमती दिली असेल तर आजी नातवाला क्लिनिकमध्ये घेऊन जाऊ शकते. तुम्ही तिथे हजर असायलाच हवं असं नाही. संमती लेखीच हवी असाही कायदा नाही. फॉर्म आला नाही तर नर्स फोनवर विचारते आणि तोंडी "हो" नोंदवून घेते.

मूल स्वतः हो म्हणू शकतं का

सोळा पूर्ण झाले असतील तर प्रश्नच नाही. १९६९ च्या फॅमिली लॉ रिफॉर्म ॲक्टनुसार १६-१७ वर्षांच्या मुलाची वैद्यकीय उपचाराची संमती प्रौढाइतकीच ग्राह्य असते. पालकांचा फॉर्म लागत नाही.

सोळाच्या खाली गिलिक कसोटी लागते. व्हिक्टोरिया गिलिक ही दहा मुलांची आई. सोळाखालच्या मुलींना डॉक्टर आईबापांना न विचारता गर्भनिरोधकाचा सल्ला देऊ शकतात, अशा सरकारी परिपत्रकाविरुद्ध ती कोर्टात गेली. खालच्या कोर्टात हरली, अपिलात जिंकली, आणि ऑक्टोबर १९८५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये (तेव्हाचं सर्वोच्च न्यायालय) तीन विरुद्ध दोन मतांनी पुन्हा हरली. तेव्हापासून मुलाच्या स्वतंत्र संमतीच्या कसोटीला, त्या संमतीविरुद्ध लढलेल्या आईचंच नाव चिकटलं आहे.

कसोटी वयाची नाही, समजेची आहे. खालची वयोमर्यादा ठरवलेली नाही. लस देणारी नर्स मुलाशी बोलते: ही लस कशासाठी, आजार काय, दुष्परिणाम कोणते होऊ शकतात, घेतली नाही तर काय. घरी काय बोलणं झालं, कुणी दबाव आणतंय का, हेही विचारते. उत्तरांवरून मुलाला खरंच समजलंय असं तिला वाटलं, तर ती तशी नोंद करून मुलाची संमती घेऊ शकते. एका लसीसाठी मूल सक्षम ठरलं म्हणजे सगळ्याच उपचारांसाठी ठरलं असं नाही. दर वेळी नव्यानं बघायचं असतं. यासाठी मुलानं कोणतंही कागदपत्र आणावं लागत नाही.

रिकामा फॉर्म म्हणजे नकार, असं आपण धरून चालतो. तसं नाही. फॉर्म आला नाही की पथक आधी फोन करतं, अनोळखी नंबरवरून, आणि आपण तो उचलत नाही. मग सत्राच्या दिवशी निर्णय नर्स आणि मूल यांच्यात होऊ शकतो. नको असेल तर "नाही" असं स्पष्ट लिहा. पण तेही शेवटचं नसतं. गिलिक कसोटीत बसणाऱ्या मुलानं हो म्हटलं तर पालकांचा नकार त्यावर चालत नाही. प्रत्यक्षात पालकांचा लेखी नकार समोर असताना अनेक नर्सा पुढे जायला कचरतात, आधी घरी फोन लावतात. कायदा एक, वहिवाट थोडी वेगळी. उलटंही खरं आहे: तुम्ही हो लिहिलंय आणि सक्षम मुलानं बाही वर करायला नकार दिला, तर हात धरून लस देत नाहीत.

सप्टेंबर २०२१ मध्ये १२ ते १५ वर्षांच्या मुलांना कोविडची लस सुरू झाली तेव्हा हा सगळा वाद घराघरात पोचला. संमतीपत्रं पालकांनाच गेली होती, तरी मतभेद झाला तर काय, याच प्रश्नावर जोरदार चर्चा झाली. कसोटी तेव्हा ३६ वर्षं जुनी होती.

स्कॉटलंडमध्ये १९९१ चा वेगळा कायदा आहे. तिथे सोळाखालच्या मुलाला उपचाराचं स्वरूप आणि परिणाम समजतात असं उपचार करणाऱ्या डॉक्टरचं मत झालं, तर मूल स्वतः संमती देऊ शकतं. नाव वेगळं, गाभा जवळपास तोच.

माझं मत विचाराल तर ही पद्धत मला पटते, एका शंकेसह. शाळेच्या हॉलमध्ये रांग लागलेली, मागे तीस मुलं उभी, अशा वेळी पाच मिनिटांच्या बोलण्यात तेरा वर्षांच्या मुलाची समज खरंच कळते का? नर्सा तरबेज असतात, पण वेळ कमीच असतो. तरीही पर्याय काय, तर ज्या घरात कुणी ईमेलच वाचत नाही, त्या घरातल्या मुलीला लस नाही. आपण ज्या वातावरणातून आलो तिथे अठरा पूर्ण होईपर्यंत दवाखान्यात सही आईबापांचीच. पण तिथेही पालकांना नीट विचारलं जातंच असं नाही. २००९-१० मध्ये आंध्र प्रदेश आणि गुजरातमध्ये झालेल्या एचपीव्हीच्या प्रकल्पात हजारो संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननं सह्या केल्याचं संसदीय समितीनं २०१३ च्या अहवालात नोंदवलं. जानेवारी २०१९ मध्ये गोवर-रुबेला मोहिमेत पालकांच्या संमतीशिवाय शाळेत लस देण्याला दिल्ली उच्च न्यायालयानं रोखलं. त्याच मोहिमेत महाराष्ट्रातल्या शाळांत नोव्हेंबर २०१८ पासून लस दिली जात होती, कित्येकांना ती आठवत असेल. मुलीला काय वाटतं, हा प्रश्न या वादांत कुठे फारसा आला नाही.

भारतातली लसीची फाइल

इथे खरी मेहनत आहे. विश्वासार्ह नोंद नसेल तर मूल लस न घेतलेलं धरतात आणि सगळं पहिल्यापासून सुरू करतात. म्हणून सरकारी माता-बाल कार्ड किंवा बालरोगतज्ज्ञांची फाइल येताना बरोबर आणा. राहिली असेल तर घरून फोटो मागवा. कार्डावर मराठी असेल तर एका कागदावर इंग्रजीत तारीख आणि लसीचं नाव अशी यादी करून जीपीला द्या, सोबत मूळ कार्डाची प्रत.

तीन गोष्टी तपासा. पहिली, एमआर की एमएमआर. आपल्या सरकारी कार्यक्रमात गोवर-रुबेला म्हणजे एमआर मिळते, तीत गालगुंडाची लस नसते. शिवाय पहिला डोस नऊ महिन्यांवर असतो, आणि पहिल्या वाढदिवसाआधीचा डोस इथे धरत नाहीत. त्यामुळे "दोन्ही डोस झालेत" असं आपण म्हणतो आणि नर्स पुन्हा एमएमआर सुचवते. ती चुकत नसते. दुसरी, दहाव्या वर्षी टीडी (धनुर्वात-घटसर्प) घेतली असेल तर बूस्टरच्या फॉर्मवर तारखेसह लिहा. तिसरी, भारतात खासगी दवाखान्यात एचपीव्ही घेतली असेल, सीरमची सर्व्हावॅक असो की गार्डासिल, ब्रँड आणि तारीख दोन्ही लिहा. इथे गार्डासिल नाइन वापरतात. पुढे डोस हवा की नको ते पथक ठरवतं.

हुकलं तर

त्या दिवशी मूल आजारी होतं, फॉर्म राहिला, किंवा तुम्ही भारतातून थेट इयर टेनमध्ये आलात, तरी दार बंद होत नाही. पथकं नंतर राहिलेल्यांसाठी कॅच-अप सत्रं आणि क्लिनिक घेतात, तारीख फोनवर मिळते. एचपीव्ही मुलींना पंचविसाव्या वाढदिवसापर्यंत मोफत मिळते. १ सप्टेंबर २००६ नंतर जन्मलेल्या मुलग्यांनाही. मेनएसीडब्ल्यूवायचंही वय तेच. युनिव्हर्सिटीत जायच्या आधी ती झाली आहे का ते जरूर बघा.

हो लिहून मत बदललं, तर सुई टोचायच्या आधी कधीही संमती मागे घेता येते. पथकाला फोन करा, फक्त मुलाच्या हाती चिठ्ठी देऊ नका. आणि सत्राच्या आठवड्यात अनोळखी नंबर उचला. आमच्या फॉर्मवर मी ॲलर्जीचा रकाना अर्धवट सोडला होता, आणि नर्सचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. लेकीनं तिला सगळं नीट सांगितलं, पेनिसिलिनच्या पुरळासकट, जे मी विसरले होते.