स्लाइडवर काय हलावं, काय हलू नये

गुहागरच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी वाळूकडे बघत उभे राहा. आधी काहीच दिसत नाही. मग एक खेकडा तुरुतुरु पळतो, आणि तो मघापासून तिथेच होता हे तेव्हा कळतं. अंगाचा रंग वाळूचा, त्यामुळे थांबला की दिसेनासा. हलणारी वस्तू भोवतालापासून वेगळी काढणं हे नजरेचं फार जुनं काम आहे. त्यासाठी ती आपल्याला विचारत बसत नाही. बारीक अक्षरं वाचता येतात ती नजरेच्या मधल्या जेमतेम २ अंशांत, म्हणजे हात लांब केल्यावर अंगठ्याची जेवढी रुंदी दिसते तेवढ्यात. कडेचं सगळं धूसर असतं, पण तिथे काही हललं की लगेच जाणवतं आणि डोळे तिकडे वळतात.

म्हणूनच स्लाइडच्या कोपऱ्यात गरगर फिरणारं चिन्ह ठेवलं, तर ऐकणाऱ्यांचे डोळे तिकडे जातात आणि बोलणाऱ्याला त्याच्याशी प्रत्येक मिनिटाला झगडावं लागतं. दुसरा आवडता प्रकार म्हणजे उडती अक्षरं. विषय आंब्याच्या मोहोरावरच्या तुडतुड्यांचा, आणि फवारणीची सूचना एकेक अक्षर करत येते, वर टाइपरायटरची टकटक. बागायतदार वाक्य पुरं व्हायची वाट बघत बसतात, तोवर वक्ता पुढच्या मुद्द्यावर गेलेला असतो. गंमत अशी, की पडद्यावर काही सरकतच नसतं. लागोपाठची स्थिर चित्रं मेंदू जोडून घेतो. मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्थायमर यांनी १९१२ मध्ये दाखवलं, की दोन रेघा साधारण ६० मिलिसेकंदांच्या अंतराने आळीपाळीने दाखवल्या तर एकच रेघ सरकल्यासारखी दिसते.

मग अ‍ॅनिमेशन वापरायचंच नाही का? वापरावं, पण मुळात जे हलतं तेच हलवावं. भरती घ्या. खाडीचा उभा छेद काढा, धक्का काढा, आणि निळा पट्टा सहा सेकंदांत खालून वर न्या. खरी भरती साधारण सव्वासहा तास चढते, पण एकसारख्या वेगाने नाही. पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि शेवटी एक. हा ढोबळ हिशेब झाला. पॉवरपॉइंटमध्ये ‘स्मूथ स्टार्ट’ आणि ‘स्मूथ एंड’ अशा दोन सोयी असतात. एरवी त्या निव्वळ नखरा वाटतात, इथे मात्र त्या दोन्ही लावल्या की पट्टा हळू सुरू होतो, मध्ये झपाट्याने चढतो आणि वर येता येता मंदावतो, अगदी पाण्यासारखा. होडी मधल्या दोन तासांत इतक्या लवकर का तरंगते, हे सांगायला मग वेगळं वाक्य लागत नाही.

उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) यांच्यातला फरक दाखवायला मात्र हीच युक्ती कुचकामी. आधीचा पट्टा डोळ्यांसमोरून गेलेला असतो आणि तुलना आठवणीवर करावी लागते. त्यापेक्षा शेजारी शेजारी दोन स्थिर चित्रं बरी. मानसशास्त्रज्ञ बार्बरा ट्वर्स्की आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये हलत्या आणि स्थिर चित्रांची तुलना करणाऱ्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा अ‍ॅनिमेशन सरस ठरलेल्या बऱ्याच प्रयोगांत त्यात स्थिर चित्रापेक्षा जास्त माहितीच घातलेली आढळली.

३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग वादळाचा मार्ग दाखवायचा असेल, तर ठिपका पुढे सरकताना त्याच्यामागे रेघ उरू द्या. सोबत वाऱ्याचे दहा बाण पळवू नका. एका वेळी साधारण चारच हलत्या वस्तूंवर आपली नजर टिकते. आणि सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लुकलुकणारं काहीही नको, काहींना त्याने अपस्माराचा झटका येऊ शकतो.

शेवटी पीडीएफचा विचार करा, कारण सभेनंतर व्हॉट्सअ‍ॅपवर तीच फिरते. तिच्यात अ‍ॅनिमेशन उरत नाही आणि एकावर एक ठेवलेली चित्रं एकदम छापून येतात. म्हणून ओहोटी, अर्धी भरती आणि पूर्ण भरती अशा तीन वेगळ्या स्लाइड शेवटी जोडून ठेवा.